किनाऱ्यावरचे मुके रहिवासी आणि सैल होत गेलेले कायदे

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण, स्मरणिकेच्या वाचकांसाठी)



शिक्षण संस्थेच्या समारंभात शिक्षणाविषयी बोलावे असा प्रघात आहे. निकालाचे आकडे, नव्या वर्गखोल्या, देणगीदारांची यादी हे सारे तुम्हांला याच स्मरणिकेत इतरत्र वाचावयास मिळेल. मला आज किनाऱ्यावरच्या अशा रहिवाशांविषयी बोलावयाचे आहे, ज्यांना आपली तक्रार कोणापुढेच मांडता येत नाही. वाळूत अंडी घालणारे कासव, म्हसळ्याच्या रानातील गिधाड, फणसाडचे शेकरू आणि खाजणातील कांदळवन. या सर्वांच्या रक्षणासाठी आपल्या देशात कायदे आहेत, आणि ते गेल्या काही वर्षांत सैल होत गेले आहेत. कायदा रद्द झाला अशी बातमी तुम्ही वाचली नसेल, कारण तो रद्द होतच नाही. त्यातील एखाद्या शब्दाची व्याख्या बदलते, दोनशे मीटरचे पन्नास मीटर होतात, आणि दारावरची पाटी तीच राहते.

प्रारंभ घरापासून करू. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाडचे जंगल हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथे शेकरू आहे, बिबट्या आहे, सांबर, भेकर, रानडुक्कर आहे. तेथील पाणथळ जागांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण अशी त्यांची नावे. उन्हाळ्यात सारे रान वाळून गेले तरी या गाणांच्या काठी जनावर पाण्याला उतरते.

आता यातील गंमत पाहा. नवाबांनी हे रान दयाबुद्धीने राखले नव्हते, शिकारीसाठी राखले होते. पण शिकारीची हौस असलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: जनावर हवे असेल तर त्याचे रान उभे असले पाहिजे, त्याचे पाणी शाबूत असले पाहिजे. नवाब जनावर मारीत, पण त्याचे घर राखीत. आमच्या आजच्या कायद्यांची गती नेमकी उलटी झाली आहे. जनावराला हात लावाल तर तुरुंग आहे. जनावराचे घर मोडण्याची वाट मात्र दर पाच-दहा वर्षांनी थोडी थोडी रुंद होत आहे. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच, बाकी सारा त्याचा तपशील आहे.

वन्य प्राण्यांच्या कायद्याच्या इतिहासात दोन मुसलमान नावे ठळक आहेत, आणि ती आपल्या मुलांना ठाऊक असावीत असे मला वाटते. पहिले डॉ. सलीम अली. हातची नोकरी गेल्यावर १९३० साली ते अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तरच आत शिरते, आणि मग नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. हा सारा संसार त्यांनी आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बसून टिपला. दुसरे नाव हुमायून अब्दुलअली, सलीम अलींचेच आप्त. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परदेशी पाठविल्या जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांचा व्यापार थांबावा म्हणूनही ते झटले, आणि १९८७ साली ती निर्यात बंद झाली. भातखाचरात कीड खाणारा बेडूक काय मोलाचा आहे हे कोकणच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

१९५१ चा कायदा एका राज्यापुरता होता. १९७२ साली साऱ्या देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात प्राण्यांच्या याद्या, म्हणजे अनुसूची, जोडल्या गेल्या. पहिल्या अनुसूचीत ज्याचे नाव त्याला सर्वांत कडक संरक्षण. आपल्या किनाऱ्यावर येणारे ऑलिव्ह रिडले कासव या अनुसूचीत आहे. २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेला. म्हणजे शिकाऱ्याच्या बाबतीत कायदा कडकच झाला, आणि ते योग्यच झाले. परंतु आज आपल्या किनाऱ्यावरचे कोणते जनावर मुख्यतः बंदुकीने मरत आहे?

गिधाडाचेच घ्या. म्हसळा तालुक्यातील चिरगाव हे गिधाडांसाठी ओळखले जाणारे गाव. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल की मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की आकाशातून गिधाडांची रांग उतरत असे. १९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हिंदुस्थानात हजारात एकही उरू नये अशी घटली. कोणी गोळी घातली नाही, कोणी जाळे लावले नाही. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली हे कारण उघड झाले आणि २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. कायदा गिधाडाला मारू नका म्हणत होता, आणि कोणी मारीतही नव्हते. गिधाड मरत होते ते त्याच्या अन्नातून. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. घटलेली संख्या भरून यावयास किती वर्षे लागतील याचा हिशेब त्यावरून करावा. त्यातच ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या आपल्या सुपारी-नारळाच्या बागा त्या एका दिवसात कशा आडव्या झाल्या ते तुम्ही जाणता. घरट्याची उंच झाडेही त्याच वाऱ्यात सापडली.

गिधाड गेल्याने माणसाचे काय बिघडले, असे विचारणारे भेटतात. ढोरे कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला आहे.

याचा अर्थ असा की प्राणी वाचवावयाचा तर त्याचे अन्न, त्याचे पाणी आणि त्याची जागा यांना कायद्याचे कुंपण हवे. असे कुंपण घालणारे कायदे आपल्याकडे झाले होते. १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, आणि त्याखाली निघालेली १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना. पण त्याहूनही आधीचा एक कागद आहे, जो खास आपल्यासाठी निघाला होता, आणि ज्याचे नावसुद्धा मुरूडच्या बाजारात दहा माणसांना माहीत नसेल. ६ जानेवारी १९८९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून रेवदंड्याच्या खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंत, भरतीच्या रेषेपासून एक किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि राजपुरी खाडीच्या दोन्ही काठांना तेवढ्याच पट्ट्यात पर्यटनाखेरीज अन्य उद्योगांना मनाई केली. किनारा नियमनाची देशव्यापी अधिसूचना निघाली त्याच्या दोन वर्षे आधी आपला किनारा जपण्याजोगा आहे असे दिल्लीने लिहून दिले होते. पुढे त्याच राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर दिघीचे बंदर झाले. बंदर व्हावे की न व्हावे हा स्वतंत्र वाद आहे. पोरांना नोकऱ्या लागतात हे मी जाणतो. मला खटकते ते एवढेच की हा वाद करताना १९८९ च्या कागदाचे नाव आपल्या तोंडी नव्हते, कारण तो कागद आपण वाचलेलाच नव्हता.

१९९१ च्या अधिसूचनेचे पुढे काय झाले? पहिल्या वीस वर्षांत तीत वीसहून अधिक वेळा दुरुस्त्या झाल्या. २०११ साली नवी अधिसूचना आली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिसरी. तीत काय बदलले ते सोप्या शब्दांत सांगतो. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम नको असा पूर्वीचा नियम होता. २०१९ मध्ये ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. जेथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती आहे तेथे, नवे नकाशे मंजूर झाल्यावर, ही मर्यादा पन्नास मीटर. विरळ वस्तीच्या ठिकाणी दोनशे मीटर कायम. खाडीच्या काठी पूर्वी शंभर मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल ते अंतर सोडावे लागे, त्या शंभराचे पन्नास झाले. शिवाय भरतीच्या रेषेपासून दहा मीटर सोडून पुळणीवर पर्यटकांसाठी तात्पुरत्या झोपड्या, न्हाणीघरे वगैरे उभारण्यास मोकळीक मिळाली.

आता या मीटरांच्या हिशेबात कासव कोठे बसते ते पाहा. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळच्या पुळणीवर रात्री मादी वर येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत दीड-दोन फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे पाहावयास येत नाही. पन्नास-साठ दिवसांनी पिले निघतात ती अंधारात जिकडे उजेड दिसेल तिकडे चालतात. हजारो वर्षे तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा होता. आता मागच्या झोपडीत विजेचा दिवा लागला की पिले उलटी फिरतात, आणि सकाळी कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. म्हणजे तिचा सारा संसार नेमका त्या पट्ट्यात, जो पट्टा आम्ही मीटरामीटराने सैल केला. सरकारी उत्तर असे की कासवांच्या विणीच्या जागा सर्वोच्च संरक्षणाच्या वर्गात आहेत. ते खरे आहे. पण ती जागा नकाशावर विणीची जागा म्हणून दाखविलेली असेल तर. जी पुळण नकाशावर नुसतीच पुळण आहे तेथे कासवाने काय करावे?

येथे बाणकोटच्या खाडीपलीकडच्या शेजाऱ्यांचा उल्लेख केला पाहिजे. हरिहरेश्वरच्या समोर, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. पूर्वी जी माणसे अंडी उकरून नेत तीच राखणदार झाली, आणि पिले समुद्रात सोडताना पाहावयास येणाऱ्यांच्या राहण्या-जेवण्यातून गावात चार पैसे आले. अंड्यांची राखण करावयाची ती मुळात वाळू मोकळी होती म्हणून.

किनाऱ्यावरून आत येऊ. वनसंवर्धन कायद्याचीही कथा व्याख्येचीच आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शब्दकोशात ज्याला वन म्हणतात ते वनच, मग ते कोणाच्या मालकीचे असो आणि दप्तरात त्याची नोंद कशीही असो. सत्तावीस वर्षे या एका वाक्याने बरीच झाडी वाचविली. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली, आणि वन म्हणजे ढोबळमानाने ज्याची कायद्याने घोषणा झाली आहे किंवा २५ ऑक्टोबर १९८० पासून पुढे सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद आहे ते, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने १९९६ चीच व्याख्या तूर्त पाळण्यास सांगितले. परंतु कायद्याच्या पुस्तकात नवी व्याख्या छापली गेली आहे. कोकणातल्या देवरायांचा विचार करा. आपल्या जुन्या कबरस्तानांतील चिंच, वड, उंडीची झाडे आठवा. पिढ्यान् पिढ्या कोणी तेथे कुऱ्हाड लावली नाही, म्हणून तेथे घुबड आहे, वटवाघूळ आहे, धनेश फळे खावयास येतो. पण सातबाऱ्यावर ‘वन’ हा शब्द नसेल तर दप्तराच्या लेखी तेथे झाडी नाहीच.

व्याख्येचा हा खेळ आपल्याकडेच चालतो असे नाही. अमेरिकेचा लुप्तप्राय प्राण्यांविषयीचा कायदा १९७३ चा, आपल्या कायद्याहून एक वर्षाने धाकटा. त्यात प्राण्याला ‘इजा’ करण्यास बंदी आहे, आणि प्राण्याची राहण्याची जागा इतकी बिघडवणे की त्यामुळे तो मरेल, हीदेखील इजाच, असा अर्थ तेथील नियमांत लिहिलेला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो अर्थ उचलून धरला. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारने ही व्याख्याच काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे घुबडाला दगड मारू नका, मात्र त्याचे झाड तोडण्याचे बघता येईल.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय हे बोलणे एकांगी होईल. तुमच्यापैकी अनेकांच्या वाड्या समुद्राला लागून आहेत. आखातात पंचवीस-तीस वर्षे घाम गाळून आलेल्या भावाला बापाच्या जागेत चार खोल्या बांधावयाच्या असतात, आणि त्याला परवानगीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. त्याच वेळी मुंबईच्या शेठचा बंगला शेजारी बिनबोभाट उभा राहतो. कोळी बांधवाला मासळी वाळवण्याची खळी आणि होडी ओढण्याची जागा हवी असते, कातकऱ्याला दळी जमिनीचा हक्क हवा असतो. अशा माणसाला कायदा सैल झाला म्हटले की बरेच वाटणार. ३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक अभयारण्याभोवती किमान एक किलोमीटरचा पट्टा सक्तीचा केला होता, तो २६ एप्रिल २०२३ रोजी त्याच न्यायालयाने शिथिल केला. सरसकट अटीने हजारो खेड्यांतील माणसांचे साधे घर बांधणेही अडले असते, आणि ही शिथिलता मला तरी गैर वाटत नाही. प्रत्येक सवलत म्हणजे अन्याय असे मी म्हणत नाही.

पण सवलत कोणाच्या नावाने मागितली जाते आणि कोणाच्या पदरात पडते हे पाहावे. मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रखडत आले. ते कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यामुळे रखडले असे ऐकू येई. कर्नाळ्याचे अभयारण्य पुरे दहा-बारा चौरस किलोमीटरचे. जेथे अभयारण्याचा मागमूस नाही अशा पुढच्या शेकडो किलोमीटरांतही खड्डे तेच होते. बिचाऱ्या पक्ष्यांवर किती ओझे टाकावयाचे?

आणि कायद्याचा आधार गरीब माणसालाही होतो. उरणच्या बाजूला बंदराच्या कामांत खाडी बुजली, कांदळवन गेले, मासेमारी बुडाली, तेव्हा पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडी आणि कांदळवन यांना कायद्याचे संरक्षण नसते तर या लोकांनी काय दाखवून भरपाई मागितली असती? कोळंबी, बोय, खेकडे यांची पिले कांदळवनाच्या मुळांत वाढतात. कांदळवन राखणारा कायदा हा मासळीच्या टोपलीचा कायदा आहे.

मच्छीमाराला बरोबर घेणारा नियम कसा असतो याचाही एक दाखला आपल्याच राज्यात आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अडकला तर पूर्वी कोळ्यापुढे पेच पडे. जाळे कापावे तर हजारोंचे नुकसान, न कापावे तर गुन्हा. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने जाळे कापून असा जीव सोडणाऱ्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली. कायदा सैल न करताही माणसाची अडचण दूर करता येते ती अशी.

कांदळवनांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल तर वर्गात वाचून दाखवावा असा आहे. कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असे न्यायालयाने म्हटले. सरकार हे कांदळवनांचे मालक नसून विश्वस्त आहे, आणि सार्वजनिक हिताची गरज न्यायालयाला पटल्याखेरीज त्यांना हात लावता येणार नाही, असेही ठरविले. हे तत्त्व आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. वक्फची मिळकत मुतवल्लीच्या ताब्यात असते, पण ती विकून खाण्याचा हक्क त्याला नसतो, कारण ती पुढच्यांची अमानत असते. सरकार किनाऱ्याचा मुतवल्ली आहे असे म्हटले की निकालाचे निम्मे मर्म कळते. आणि हजला जाऊन आलेल्यांना तर हेही ठाऊक आहे की इहराम बांधल्यावर शिकार हराम होते. हजरत पैगंबरांनी (स.) मदिनेच्या परिसराची हद्द ठरवून तीत झाड तोडण्यास व शिकार करण्यास मनाई केली होती. येथे संरक्षण एकट्या प्राण्याला नाही, जागेला आहे, हे ध्यानात घ्या. आज वन्यजीवशास्त्र ज्याला अधिवास म्हणते ते याहून फार वेगळे नाही.

वर मी म्हटले की कायदा गाजावाजा न करता बदलतो. पण तो चोरूनही बदलत नाही. पर्यावरण कायद्याखालील अधिसूचनेचा मसुदा राजपत्रात छापला जातो आणि लोकांना हरकती पाठविण्यास सामान्यतः साठ दिवस दिले जातात. किनारा अधिसूचनेचा मसुदा १८ एप्रिल २०१८ रोजी असाच छापला गेला होता. त्या साठ दिवसांत आपल्या गावातून किती पत्रे गेली? मसुदा इंग्रजी-हिंदीत होता, हे कारण खरे आहे. २०२० साली पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीविषयीचा मसुदा निघाला तेव्हा हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि ३० जून २०२० रोजी न्यायालयाने मसुद्याचे भाषांतर घटनेतील बावीस भाषांत करण्यास सांगितले. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. ज्यांच्या अंगणाचा निर्णय व्हावयाचा त्यांना तो त्यांच्या भाषेत कळावा, ही मागणी न्यायालयाला रास्त वाटली. आपण मात्र ती मागणी केलेली नव्हती.

येथे शिक्षण संस्थेचा संबंध येतो. आपल्या शाळांतून मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही जाणणारी मुले बाहेर पडतात. वकिलीला गेलेली आहेत, भूगोलाचे शिक्षक आहेत. माझी संस्थेला विनंती अशी आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशातील आपापल्या गावाचे पान वाचनालयात लावावे. भूगोलाच्या तासाला मुलांनी ते घेऊन पुळणीवर जावे, आणि कासवाची विणीची जागा, कांदळवन, मासळीची खळी, होड्यांची जागा, कबरस्तान नकाशावर दिसते का ते ताडून पाहावे. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत केल्यास कासवांची घरटीही पाहावयास मिळतील. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि तिने गावातील झाडे-प्राण्यांची नोंदवही ठेवावयाची असते, ही नोंदवही एकदा मागून पाहावी. कबरस्तानातील व देवराईतील जुन्या झाडांची यादी तीत चढवून घ्यावी, म्हणजे दप्तरात निदान तेवढी नोंद राहील.

आणि पुढच्या वेळी राजपत्रात किनाऱ्याविषयी, वनाविषयी किंवा फणसाडविषयी मसुदा छापून आला, की पहिल्या आठवड्यात त्याचा मराठीत व उर्दूत गोषवारा करून मशिदीच्या आणि शाळेच्या फलकावर लावावा. हरकतीचे पत्र एक पानाचे पुरे. कोणत्या कलमाला हरकत आहे, आपल्या गावात त्याने कोणती जागा बाधित होते, आणि तेथे कोणता प्राणी किंवा कोणाचा धंदा आहे, एवढे तीन मुद्दे त्यात असावेत. पत्र पोच घेऊन पाठवावे आणि पोच शाळेच्या दप्तरी ठेवावी.